डावीकडचा बाण

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ह्यांना मी वांग्यात निघालेल्या अळीपासून शेजारच्या बाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगते. सहा वर्षं झाली. एवढी वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही, पण ही ठेवली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखीचं माणूस असतं तर ऐकता ऐकता त्याने माझ्याकडे पाहिलं असतं, आणि ते मला नको आहे.

लगेच मुद्द्यावर येणार नाही, हेही आत्ताच कबूल करते. आधी माझ्याविषयी थोडं ऐका.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मुलं पाठीमागे मला ‘सीसीटीव्ही’ म्हणायची. मला ते ठाऊक होतं — आणि आवडायचंही. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं आमच्या शाळेत कुणी नव्हतं. माझी एक पद्धत होती. चाचणीच्या पेपरात एकाआड एक बाकावर मी तोच प्रश्न द्यायचे, पण एक आकडा बदलून. एकाला बेचाळीस, तर शेजारच्याला चोवीस. वरवर पाहिलं तर दोन्ही पेपर सारखेच. शेजाऱ्याचं बघून लिहिणारा शेजाऱ्याचंच उत्तर लिहायचा, आणि मी तपासताना त्याभोवती तांबड्या पेनाने एक गोल काढायचे. ओरडायचं नाही, कान धरायचा नाही. जो खरा असेल तो आपल्या आकड्याने जाईल, खोटा दुसऱ्याच्या. ही पद्धत जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरीही मी अशीच. इस्त्रीचे कपडे मोजून घेते. कुणाचा चुकून फोन आला तर तो खरंच चुकून आला होता का, यावर दुपारभर विचार करते. हे म्हणतात, देवळात मी चपला दिसतील अशा कोनात उभी राहून नमस्कार करते. खरं आहे. चपला जातात हो.

तर अशा बाईला शाहीन भेटली.

निवृत्त झाल्यावर मी सायकल घेतली आणि विश्रांतवाडीतल्या ओळखीच्या एकांच्या सांगण्यावरून सायकलवाल्यांच्या एका मोठ्या ग्रुपमध्ये नाव घातलं. रविवारी सकाळी पन्नास-साठ जण जमायचे. घट्ट रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट, मनगटावर घड्याळ, आणि तोंडात सतत सरासरी वेग. चहाला थांबले तरी आधी घड्याळ थांबवायचे. या सगळ्यांच्या मागे, अगदी शेवटी, आम्ही दोघी असायचो. मी, कारण एका लयीत, दम न लागता पायडल मारायला मला बरं वाटतं. ती, कारण तिला बाभळीवर सुगरणीची घरटी दिसायची आणि ती उतरून बघत बसायची. चौथ्या रविवारी पुढचे सगळे पार दिसेनासे झाले तेव्हा ती म्हणाली, “ताई, हे लोक पोचायला निघतात. आपण नुसतं जायला निघू या का?”

पहिल्या महिन्यात ‘अहो मॅडम’ होतं, त्या दिवसापासून ‘ताई’ झालं, आणि पुढे ‘ताई, तू’. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. राहायला कसबा पेठेत — माहेर आणि सासर दोन्ही तिथलंच, मध्ये फक्त तीन गल्ल्या. नवऱ्याचं, म्हणजे रफीकभाईंचं, पुस्तकं बांधायचं दुकान. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवायचं काम शाहीन घरी करायची, आणि दुकानातल्या कुठल्याही कारागिरापेक्षा तिची शिवण घट्ट असायची. तिची सायकल निळी, पुढे वेताची टोपली. ओढणी तिरपी घेऊन कमरेला गाठ मारायची आणि निघायची.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा ती मला न्यायला रस्त्यापर्यंत आली होती. त्या गल्ल्यांतून सायकल चालवायची सोय नाही, हातात धरून न्यावी लागते. ती पुढे, मी मागे. सगळा वेळ ती मागे तोंड करून माझ्याशी बोलत होती, आणि बोलता बोलता तिने तीन वळणं घेतली — एकदाही पुढे न बघता. हे मी उगाच सांगत नाहीये.

चार वर्षं आमचे रविवार असे गेले. बंडगार्डनच्या पुलावर भेटायचं, मुंढवा-मांजरी रहदारी वाढायच्या आत मागे टाकायची, आणि लोणी काळभोरच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत शिरायचं. आत एकदम निवांत. ऊस, रोपवाटिका, कालव्याचं संथ पाणी, एखादी म्हैस. दरवर्षी एखाद्या वाटेवर प्लॉट विकायची पाटी लागायची आणि ती वाट आमच्या हातून जायची, म्हणून आम्ही नवी शोधायचो. सापडली की कुणाला सांगायची नाही, असं आमचं ठरलेलं. मोठ्या ग्रुपला तर मुळीच नाही. तिथे आम्ही फोनवर तेवढ्या उरलो होतो, येणारे फोटो बघायला आणि हसायला.

आता बाणाचं सांगते.

शाहीन दहा ठिकाणी थांबायची. कुठे मेथीची जुडी घे, कुठे एखाद्या आजीबाईंशी बोलत उभी राहा. मला थांबलं की पाय आखडतात. आणि फोन पिशवीतून काढायचा नाही, हा आमचा नियम. मग आम्ही एक युक्ती काढली. माझ्याकडे शाळेतल्या खडूंची अख्खी पेटी होती. मी पुढे जायचे, आणि जिथे वाट फुटेल तिथे रस्त्यावर खडूने बाण काढायचे. बाणाखाली एक टिंब — म्हणजे तो आमचाच, पोरांनी खेळताना काढलेला नव्हे. मागून येणाऱ्या शाहीनने बाणाप्रमाणे वळायचं आणि वळण्याआधी उतरून तो चपलेने पुसून टाकायचा, म्हणजे आमची वाट दुसऱ्या कुणाला कळणार नाही. चार वर्षांत तिने एकही बाण चुकवला नाही आणि पुसायचा एकही ठेवला नाही. मी कितीदा मुद्दाम परत फिरताना बघितलंय — हो, तेव्हाही तपासायचेच मी. प्रत्येक फाट्यावर पांढरट फरकाटा, बाण नाही.

मग बिनसलं कुठे?

त्या वर्षी दिवाळीनंतर शाहीनला फोन यायला लागले. नियम तिनेच मोडला — फोन पिशवीतून टोपलीत आला. वाजला की ती सायकल लावून लांब जायची, पाठ करून बोलायची, आणि परत आली की काही सांगायची नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर? पण विचारणं हा माझा मार्ग नव्हे. मी लक्ष ठेवते.

त्याच सुमाराला एका मंगळवारी मी एकटीच लोणीकडे गेले होते आणि मला एक वाट सापडली. कालव्याच्या दुसऱ्या पुलानंतर फाटा, डावीकडे वळलं की दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळींची कमान, आणि शेवटी एक जुनं चिंचेचं झाड, पडक्या पंपघराची भिंत. चार वर्षांत इतकी सुंदर जागा पाहिली नव्हती. शाहीनला फोनवर सांगितलं. कालव्याच्या पलीकडे, चिंच, पंपघर — एवढंच. नेमकी कुठे ते नाही. म्हटलं, रविवारी दाखवते.

शुक्रवारी तिचा निरोप आला, रविवारी जमणार नाही.

आणि त्या रविवारी संध्याकाळी मोठ्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. चिंच. पडकी भिंत. भिंतीला टेकवलेली निळी सायकल.

मी तो फोटो किती वेळा पाहिला असेल? माझ्या डोक्यात सगळं चटाचट जुळलं — ते फोन, ती पाठ करून बोलणं, ते न जमणं. ही त्यांना घेऊन गेली. माझी वाट मी दाखवायच्या आधीच त्यांना दाखवली. वेग मोजणाऱ्यांना! पुढच्याही रविवारी ती आली नाही. मला चहा गोड लागेना. ह्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं पित्त.

हसू नका. तुम्ही म्हणाल, एका वाटेपायी? पण माझं असं काय होतं हो त्या वयात? शाळा संपली होती, मुलगा बंगळुरूला, हे पेपरात डोकं घालून. आठवड्यातून एक सकाळ माझी होती आणि त्या सकाळी एक माणूस माझं होतं. ते माणूस मला फसवतंय, असं मला वाटलं. वाटलं नाही — माझी खात्रीच झाली. आणि खात्री झाल्यावरही मी सरळ विचारलं नाही, कारण सरळ विचारलं की माणसं खोटं बोलतात, हे मी एकतीस वर्षं शिकले होते.

तिसऱ्या रविवारी ती आली. हसत, टोपलीत माझ्यासाठी डब्यात शिरकुर्मा घेऊन. ईद नव्हती, काही नव्हतं. लाच, मी मनात म्हटलं.

म्हटलं, चल, ती नवी वाट दाखवते. म्हणाली, “किती दिवस वाट बघतेय मी.” मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. काही दिसलं नाही. पक्की आहे, असं वाटलं.

मी पुढे निघाले. कालव्याचा दुसरा पूल ओलांडला. फाटा आला. मी उतरले, खडू काढला — आणि बाण उजवीकडे काढला.

कळलं ना? आकडा बदललेला पेपर. ही वाट तिने आधी पाहिली असेल, तर ती बाणाकडे बघून हसेल आणि डावीकडेच येईल, चिंचेखाली. आणि मग मी काही न बोलता नुसती तिच्याकडे बघेन. पाहिली नसेल, तर बाणाप्रमाणे उजवीकडे जाईल, वाट संपली की परत फिरेल, आणि मी म्हणेन, अगं बाई, बाण चुकला माझा. एवढंच. मी टिंबसुद्धा काढलं.

आता इथे थांबावंसं वाटतंय. कारण आतापर्यंत जे सांगितलं ते मी स्वतःला कधीमधी हसत हसत सांगू शकते. पुढचं नाही.

उजवीकडची वाट कुठे जाते ते मला माहीत होतं. मंगळवारी मी आधी तिकडेच गेले होते. दोनेकशे पावलांवर वळण आहे आणि वळणानंतर एकदम उतार, जुन्या दगडखाणीत उतरणारा, सगळी सुटी खडी. मी स्वतः तिथे सायकलवरून उतरून, दोन्ही ब्रेक दाबून, एक एक पाऊल टाकत माघारी फिरले होते. हे मला माहीत असताना मी बाण काढला. तेव्हा उतार आठवला नव्हता का? आठवला होता. ती हळू जाते, असं मी म्हटलं. म्हटलं, आणि खडू पिशवीत टाकला.

चिंचेखाली जाऊन बसले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. ती आली नाही — म्हणजे खरी होती ना? पेपरचं उत्तर तर आलं होतं. पण संशय असा सहजी सोडत नाही. मला वाटलं, हिने डाव ओळखला. मुद्दाम उशीर करतेय. फोनवर बोलत असेल कुणाशी तरी, ‘म्हातारी परीक्षा घेतेय माझी’ म्हणून. मी तिथे पाऊण तास बसले. शिरकुर्म्याचा डबा तिने निघतानाच माझ्या पिशवीत दिला होता. तो मी उघडून खाल्ला.

मग उठले. फाट्यावर आले. बाण पुसलेला होता. नुसता पांढरट फरकाटा.

 पुसला, म्हणजे ती त्याच्याप्रमाणे गेली. मी सायकल तिथेच टाकून पळाले.

शाहीन उताराच्या तळाशी दगडाला टेकून बसली होती. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं, गुडघ्यावर रक्त, सायकल लांब पडलेली, टोपली चेपलेली. शेजारी शेळ्या घेऊन आलेली एक म्हातारी बसली होती, आपल्या पदराने तिला वारा घालत. मला बघून ती म्हातारी म्हणाली, “तुमीच का ताई? कवाची बसलीया पोर. म्या म्हनलं, फोन हाय तर कुनाला तरी बोलाव. तर म्हनती, ताई पुढं गेलीया, मला न्यायला येनारच हाय.”

शाहीन रडत नव्हती. मी जवळ बसले तेव्हा तिने पहिलं काय विचारलं सांगू?

“ताई, बाण उजवीकडेच होता ना?”

आरोप नव्हता त्यात. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. आणि मी — मी तिचा सुजलेला हात माझ्या हातात धरून म्हटलं,

“नाही गं. डावीकडे होता.”

विचार करून बोलले का? नाही. पण चुकूनही नाही बोलले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाली, मग मीच उलटं बघितलं. वर माझी माफी मागितली — तुला उगाच मागे यावं लागलं, ताई.

तिच्या फोनवरून मीच रफीकभाईंना कळवलं. ओळखीच्या कुणाचा टेम्पो घेऊन येतो म्हणाले, दीड तास लागेल. मी म्हटलं, पुलानंतर फाट्यावर उभी राहते. आणि म्हणतानाच माझ्या लक्षात आलं, फाट्यावर ते बाण शोधतील. त्यांना आमची पद्धत माहीत होती, घरी सगळ्यांनाच माहीत होती, बाणांची थट्टाही व्हायची. मग मी त्या म्हातारीला शाहीनजवळ बसायला सांगून वर आले. त्या पांढरट फरकाट्यावर, त्याच जागी, मी खडूने नवा बाण काढला. डावीकडे. खाली टिंब.

वळणदार, स्वच्छ बाण. फळ्यावर काढावा तसा.

रफीकभाई आले. टेम्पो थांबवून उतरले, बाणाकडे पाहिलं, मग उजवीकडच्या वाटेकडे पाहिलं, आणि तिकडे चालू लागले. शाहीनला आम्ही उचलून वर आणलं, पुढे बसवलं. टेम्पो वळवताना तिला काचेतून तो बाण दिसला. ती एकदम ताठ झाली.

“हा मी पुसला होता,” ती म्हणाली.

रफीकभाई तसे प्रेमळ. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “शाहीन, पुसला असतास तर दिसला असता का?”

मी मागे हौद्यात सायकली धरून उभी होते. मला ऐकू आलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी चुकले होते — बाण तिने स्वतः पुसला होता आणि ते तिच्या लक्षात असणार, हे मी घाबरून विसरलेच होते. कुठल्याही मुलाने असं कच्चं काम केलं असतं, तर मी दोन मिनिटांत पकडलं असतं. एक शब्द पुरला असता. तिने चपलेने पुसलेला बाण रस्त्यावर परत आला कसा, एवढं एकाने जरी विचारलं असतं तरी सगळं बाहेर पडलं असतं. पण विचारणार कोण? तिथे संशय घेणारं माणूस एकच होतं, आणि ते मी होते. शाहीनने त्या बाणाकडे पाहिलं आणि स्वतःवर संशय घेतला. मला हायसं वाटलं. हे सांगताना जीभ अडते, पण वाटलं.

हाड जुळलं. प्लास्टर असतानाच ती एक दिवस घरी आली, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. म्हणाली, पहिली तुला. ते फोन त्याचेच होते. बोलणी पक्की होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं, तुझ्यापासून लपवताना जीव गुदमरायचा. दोन रविवार पाहुण्यांकडे गेले होते. तो शिरकुर्माही त्याचाच, लग्न ठरल्याचा, मला न सांगता भरवलेला. ती गेल्यावर मी तो फोटो पुन्हा काढून मोठा करून पाहिला. फोटोतल्या निळ्या सायकलला टोपली नव्हती. प्रश्न दोनदा वाचा, दोनदा वाचा, असं मुलांना ओरडून सांगण्यात माझं आयुष्य गेलं.

तेव्हा सांगायचं होतं ना? हो. पत्रिका हातात होती, चहा ठेवला होता, आम्ही दोघीच होतो. मी तिला साखर किती, ते विचारलं.

लग्नानंतर तिने डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर तोच होता. मग डोक्याचे डॉक्टर झाले. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि काही नाही म्हणून सांगितलं. तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला. एकदा शिवताना एक फर्मा उलटा लागला. कुणाचा लागत नाही? पण तिने सुई खाली ठेवली आणि रफीकभाईंना म्हणाली, आता दुसरं कुणी बघा. हळूहळू सगळं कागदावर लिहून ठेवायला लागली. गॅस बंद केला, खूण. दार लावलं, खूण. निळी सायकल जिन्याखाली होती, ती नंतर पुतणीला दिली. अजून कधी विषय निघाला की म्हणते, “ताई, पडले त्याचं काही नाही. पण मी बाण पुसला होता, हे मला अजून आठवतंय बघ. न घडलेलं इतकं स्वच्छ आठवतं, म्हणजे काय म्हणायचं?”

मी म्हणते, अगं होतं असं वयापरत्वे. ती तेव्हा बावन्नची होती.

मला वाटायचं, हिला कळलंय. पुढे कितीतरी वर्षं मला हेच वाटत राहिलं. ती चहा देताना जरा जास्त वेळ माझ्याकडे बघते का? मुद्दाम तोच विषय काढते का? मागच्या वर्षी तिने फोन केला आणि विचारलं, ताई, तुझ्याकडे खडू आहेत का गं?  म्हटलं, आता ही समोर खडू ठेवणार आणि म्हणणार, काढ बाण. मी पेटी घेऊन गेले, सगळा वेळ तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. तिला नातीसाठी हवे होते, फरशीवर ठिक्करपाणी आखायला. तिने चौकोन आखले, नातीला एका पायावर उडी मारून दाखवली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यातही मी काहीतरी शोधत होते. घरी येईपर्यंत शोधत होते.

आता शोधत नाही. तिला काही कळलेलं नाही. तिच्या मनात माझ्याविषयी कधी शंका आलीच नाही, आजही नाही.

मी अजून सायकल चालवते, एकटी. लोणीकडे जात नाही. खडूची पेटी तिच्या नातीला देऊन टाकली.

गेल्या महिन्यात शाहीनच्या भावाकडे काही कार्यक्रम होता, मलाही बोलावलं होतं. तिच्या घरून तिच्या माहेरी, म्हणजे मध्ये त्याच तीन गल्ल्या. आम्ही दोघी चालत निघालो. ती पुढे नव्हती, माझ्या शेजारी होती, माझं कोपर धरून. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. समोर वाट फुटत होती. ज्या वळणावर ती लहानपणी खेळली, जिथून लग्न होऊन सासरी गेली, ज्या वळणावरून एकदा मागे तोंड करून बोलत मला घेऊन गेली होती — तिथे. तिने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि मग माझ्याकडे.

“ताई, डावीकडेच ना गं?”

“हो,” मी म्हटलं. “डावीकडे.”

तिने मान हलवली आणि माझ्या शब्दावर वळली.